संकटकाळांतील गांवसभा

गांवच्या कारभारांत ज्या कांहीं गोष्टी शेतकऱ्यास नकोशा वाटतात त्यांत ग्रामसभा ही एक आहे. पेरणीचे दिवस, मळणीचे दिवस, गुरांचें पाणी, बाजारचा वार, या सर्वांतून सवड काढून सभेस जावें तर तेथें माणसें जमण्याची तासभर वाट पहावी लागते, आणि जमल्यावर अर्धा वेळ जुन्या भांडणांत जातो. म्हणून "आपण नाहीं गेलों तर काय अडतें ?" असें म्हणणारीं माणसें प्रत्येक गांवीं आहेत. परंतु ज्या वर्षीं सभा भरूंच दिली जात नाहीं त्या वर्षीं काय अडतें, हें आपण २०२० सालीं पाहिलें. सांथ, महापूर, भूकंप अशा आपत्तींत स्थानिक संस्थेच्या सभेचे कोणते नियम शिथिल करतां येतात, कोणते करूं नयेत, आणि केलेच तर त्याची भरपाई कशी व्हावी, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम शांततेच्या दिवसांतील नियम ध्यानीं घेतला पाहिजे. महाराष्ट्रांतील ग्रामपंचायती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानें चालतात. आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंतच जागा मिळाली आहे. गांवच्या मतदार-यादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येक मनुष्य ग्रामसभेचा सभासद होय. त्यास कोणाच्या निमंत्रणाची गरज नाहीं. आर्थिक वर्षांत निदान चार सभा भरल्या पाहिजेत. वर्षाची पहिली सभा एप्रिल व मे या दोन महिन्यांच्या आंत घ्यावयाची, आणि तींत पंचायतीनें मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षीं करावयाचीं कामें व हिशेब-तपासणीचा शेवटचा शेरा लोकांपुढें ठेवावयाचा. साधारण सभेची सूचना सात दिवस अगोदर लागली पाहिजे. गणपूर्तीस मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितकी माणसें हजर हवींत. ग्रामसभेपूर्वीं बायकांची स्वतंत्र सभा व्हावी असाहि नियम आहे. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणाऱ्या सरपंचास आपलें पद गमवावें लागतें. सभेची वही लिहिणें हें ग्रामसेवकाचें काम. (ग्रामसेवकास २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचें आहे, पण लोकांच्या तोंडीं बसलेलीं नांवें इतक्या लवकर सुटत नाहींत, म्हणून या लेखांत जुनींच ठेविलीं आहेत.)

हा नियम रुक्ष दिसतो. परंतु त्याच्या पोटांत तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या सुट्या करून पाहिल्यावांचून आपत्तीच्या प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. पहिली सूचना : कोणता विषय केव्हां निघणार हें आधीं कळणें. दुसरी हजेरी : त्या विषयावर आपल्या तोंडानें विचारतां येणें. तिसरी नोंद : काय ठरलें तें वहींत उतरणें आणि ती वही मागेल त्यास पहावयास मिळणें. सांथींत अडचण येते ती दुसऱ्या गोष्टीस, म्हणजे पुष्कळ माणसांनीं एका जागीं बसण्यास. सूचनेस किंवा नोंदीस सांथीचा संसर्ग होत नाहीं. असें असतां सभा थांबली म्हणजे तिन्ही गोष्टी एकदमच थांबतात, आणि कोणाला त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं, हें मला फार विचार करण्यासारखें वाटतें.

सभा उघडी असण्याचा उपयोग काय, हें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या माणसास निराळें सांगावें लागत नाहीं. पूर आला किंवा गारपीट झाली म्हणजे तलाठी, कृषि सहाय्यक व ग्रामसेवक यांनीं मिळून पंचनामे करावयाचे, आणि शेंकडा ३३ किंवा त्याहून अधिक पीक गेलें असेल तो शेतकरी मदतीस पात्र ठरावयाचा, अशी पद्धति आहे. त्यावरून यादी तयार होते. ती यादी चावडींत मोठ्यानें वाचली म्हणजे अर्ध्या घटकेंत तिचे दोष बाहेर पडतात. "हे खातेदार वारून सहा वर्षें झालीं." "यांचा गट नदीकडे नाहीं, माळाकडे आहे." "त्या वहिनींच्या मालकांच्या नांवावर सातबारा आहे, वारसाचा फेरफार व्हायचा राहिलाय, त्यांचें नांव कोण घालणार ?" कचेरींतल्या मेजाशीं बसून यांतलें कांहींहि कळण्याचा मार्ग नाहीं. एका पुराच्या सालीं घाईमुळें एका गांवची यादी न वाचतांच वर गेल्याचें माझ्या पाहण्यांत आहे. पैसे आले तेव्हां नदीकांठची एक आळीच्या आळी वगळल्याचें लोकांस कळलें, आणि तीं नांवें पुरवणी यादींत येईपर्यंत पुढचा पावसाळा उजाडला. शेजारच्या गांवीं तसलीच चूक वाचनाच्या वेळीं जागच्याजागीं दुरुस्त झाली होती. दोन्ही गांवांत कारकून तेच, कागद तेच. फरक पडला तो वाचनाचा.

आपत्तींत उघडी सभा बाजूस सारण्याची गोष्ट आपल्या प्रांतांत नवी नाहीं. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत असा स्पष्ट नियम आहे कीं, प्रत्येक सभा लोकांस खुली असावी. एखादा विषय खाजगींत चालवावा असें हजर सभासदांच्या बहुमतानें ठरलें तरच दार लावावें. हा कायदा होऊन आठ वर्षें झालीं तोंच, सप्टेंबर १८९६ मध्यें, मांडवी भागांत गांठीचा प्लेग उघडकीस आला. फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चमध्यें मुंबईच्या सांथनिवारणाचें काम महानगरपालिकेच्या हातून निघून जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखालील चौघांच्या प्लेग कमिटीकडे गेलें. पुण्यास रँडसाहेबांची कमिटी बसली. घरांची झडती कशी घ्यावी, माणसें कोठें न्यावीं, सामान कोणतें जाळावें, हें ठरवितांना ज्यांच्या घरांत शिरावयाचें त्यांचें म्हणणें ऐकण्यास जागाच उरली नाहीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यास काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. कमिटीस सांथ हटवावयाची होती यांत शंका नाहीं. परंतु ज्या तक्रारी चार भिंतींच्या आंत बोलून निवल्या असत्या त्या रस्त्यावर आल्या. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, १८९७ च्या त्या छोट्या कायद्यांत स्थानिक सभेविषयीं एक अक्षरहि नाहीं. आणि एकशें तेवीस वर्षांनीं कोरोनाची सांथ आली तेव्हां आपण प्रथम हात घातला तो त्याच कायद्यास.

आतां २०२० कडे येऊं. २५ मार्च रोजीं २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याखालीं देशभर टाळेबंदी झाली. त्यानंतर सात दिवसांनीं नवें आर्थिक वर्ष लागलें. म्हणजे ज्या दोन महिन्यांत जमाखर्च लोकांपुढें यावयाचा नेमके तेच दोन महिने बंदींत गेले. मे महिन्यांत ग्रामविकास खात्यानें ग्रामसभा भरविण्यास स्थगिति दिली, ती उठली जानेवारी २०२१ मध्यें. पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या बंदीस मी दोष देत नाहीं. रोग काय आहे, तो कसा पसरतो हें नीट कळलें नव्हतें. सरपंच, आशाताई, पोलीस पाटील हे जीव मुठींत धरून वेशीवर उभे होते. शंभर माणसें एका देवळांत बसविणें त्या वेळीं अविचाराचें ठरलें असतें. परंतु जूनपासून दुकानें टप्प्याटप्प्यानें उघडत गेलीं, पन्नास माणसांत लग्नें होऊं लागलीं, पेरण्या झाल्या, सुगी झाली. ग्रामसभा मात्र तशीच राहिली. लग्न पन्नास माणसांत होतें तर हिशेबाचें वाचन पन्नास माणसांत कां होऊं नये, असा प्रश्न कित्येक गांवीं लोकांनीं विचारला, आणि त्यास उत्तर देणें कोणासहि सोपें नव्हतें.

यांत गणपूर्तीचा एक पेच होता, तो आंकड्यांनीं पाहण्यासारखा आहे. शेंकडा १५ या प्रमाणानें ३३३ मतदारांपर्यंतच्या गांवास पन्नासांच्या आंत गणपूर्ति होते. ३३४ मतदार झाले कीं पन्नास माणसें पुरत नाहींत. आणि ६६६ च्या पुढें गांव केवढेंहि असो, शंभर माणसें लागतात. म्हणजे पन्नासांची मर्यादा पाळावी तर अगदीं लहान वस्त्या सोडून कोठेंहि कायदेशीर ग्रामसभा भरूं शकत नव्हती. गणपूर्तीअभावीं तहकूब झालेल्या सभेस पुन्हां गणपूर्ति लागत नाहीं हें खरें, आणि त्या वाटेनें कागदोपत्रीं सभा उरकतां आली असती. पण तशा सभेंत वीस-पंचवीस माणसांनीं साऱ्या गांवाचें ठरवावें हेंहि बरें नव्हे. आरोग्याच्या आज्ञा काढणारें खातें निराळें आणि सभेचे नियम करणारें खातें निराळें असल्यानें हा विरोध कोणी जुळवून घेतला नाहीं. गणपूर्ति तात्पुरती कमी करणें, किंवा वाडीवार मोजणें, हें नियमांत दोन ओळी घालून होण्यासारखें काम होतें.

त्यांतच मुदती संपल्या. एप्रिल ते जून २०२० या काळांत १,५६६ ग्रामपंचायतींची मुदत सरली, आणि जुलै ते डिसेंबर या काळांत आणखी १२,६६८ पंचायतींची सरावयाची होती. मिळून १४,२३४. घटनेप्रमाणें पंचायतीचा काल पांच वर्षें, त्याहून अधिक नाहीं. निवडणूक घेतां येत नाहीं आणि जुन्या पंचायतीस मुदत वाढवितां येत नाहीं, म्हणून जूनमध्यें वटहुकूम काढून सांथीसारख्या आपत्तींत प्रशासक नेमण्याची सोय करण्यांत आली. जुलैच्या शासन-निर्णयांत असें होतें कीं, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यानें पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानें "योग्य व्यक्ति" प्रशासक नेमावी. ही योग्यता कशानें मोजावयाची असा वाद उच्च न्यायालयांत गेला, आणि त्याच महिन्यांत न्यायालयानें अंतरिम आदेशानें सांगितलें कीं, प्रशासक शक्यतों सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या नोकरींतलाच असावा. तसा न मिळाल्यास त्याचीं कारणें लिहावीं. शेवटीं १५ जानेवारी २०२१ रोजीं या पंचायतींसाठीं मतदान झालें. म्हणजे कित्येक गांवांत असे महिने गेले कीं, निवडलेली पंचायत नाहीं आणि ग्रामसभाहि नाहीं. निवडलेले पंच असले म्हणजे निदान पारावर गांठून चार शब्द विचारतां येतात. तीन गांवांचा कारभार पाहणाऱ्या विस्तार अधिकाऱ्यास कोठें गांठावें ?

खर्चाकडेहि लक्ष दिलें पाहिजे. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याचें पन्नासावें कलम असें आहे कीं, बचाव किंवा मदत यांसाठीं सामान तातडीनें हवें असेल तर निविदा मागविण्याची रीत माफ होते, आणि अधिकृत अधिकाऱ्यानें सामान वापरल्याचा दाखला दिला कीं तो हिशेबास व्हाउचर म्हणून चालतो. नियम वाईट नाहीं. पुरांत माणसें झाडावर बसलीं असतां नावेच्या भाड्यासाठीं तीन दरपत्रकें मागवीत बसणें हा वेडेपणा होईल. परंतु ज्या वेळीं निविदा गेली त्याच वेळीं सभाहि गेली, तर त्या खर्चावर नजर कोणाची राहिली ? फवारणीचें औषध किती लिटर आणलें, मुखपट्ट्या कोणत्या दरानें घेतल्या, विलगीकरणासाठीं शाळेंत ठेवलेल्या माणसांच्या जेवणाचें बिल किती, हें विचारण्यांत कोणावर संशय घेण्याचा हेतु असतोच असें नाहीं. विचारतां आलें नाहीं म्हणजे मात्र संशय उरतो, आणि प्रामाणिक सरपंचासहि तो जन्मभर चिकटतो. अशीं दोन-चार माणसें माझ्या ओळखींत आहेत. त्यांनीं खर्च चोख केला. पण तो वाचून दाखविण्याची संधि त्यांस वेळेवर मिळाली नाहीं, आणि पुढच्या निवडणुकींत त्यांस उत्तरें देतां देतां पुरेवाट झाली.

ही अडचण एकट्या आपल्या प्रांताची नव्हती. जेथें जेथें स्थानिक सभा कायद्यानें उघडी आहे तेथें तेथें त्या वर्षीं हाच पेच पडला. त्यांपैकीं दोन मुलुखांची हकीकत येथें देतों, कारण तींत कांहीं उचलण्यासारखें व कांहीं टाळण्यासारखें आहे.

इंग्लंडांत आपल्या ग्रामपंचायतीच्या जातीची संस्था म्हणजे पॅरिश कौन्सिल. तिच्या सभेची सूचना पूर्ण तीन दिवस अगोदर लावावी लागते. लोकांस सभेंत येऊं द्यावें हा नियम तिकडे १९६० च्या कायद्यानें पक्का झाला. मुद्रणालयांच्या संपाच्या वेळीं कांहीं नगरसभांनीं बातमीदारांस बाहेर ठेविलें, त्यावरून तो कायदा निघाला. पुढें पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर यांचें पार्लमेंटांतील पहिलेंच भाषण, ५ फेब्रुवारी १९६० चें, याच विधेयकावर झालें. २०२० सालीं सांथ आली तेव्हां तेथील सरकारनें ४ एप्रिलपासून नवे नियम लागू केले. त्यांअन्वयें सभासदांनीं आपापल्या घरून फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर सभा भरवावी, लोकांसहि ती ऐकतां यावी, आणि सूचना पूर्वींप्रमाणेंच आधीं प्रसिद्ध व्हावी, असें ठरलें. या सवलतीस अखेरची तारीख पहिल्याच दिवशीं घातलेली होती : ७ मे २०२१ पूर्वींच्या सभांपुरतीच ती होती. ती तारीख जवळ आल्यावर एका परगण्याच्या कौन्सिलनें न्यायालयांत जाऊन विचारलें कीं, १९७२ च्या मूळ कायद्यांतील "सभा" या शब्दांत पडद्यावरची सभा बसते कीं नाहीं. २८ एप्रिल २०२१ रोजीं न्यायालयानें उत्तर दिलें कीं, बसत नाहीं. सभा म्हणजे माणसांनीं एका ठिकाणीं जमणें. पालटावयाचें असेल तर पार्लमेंटानें कायदा पालटावा. वेल्समध्यें त्याच वर्षीं तसा स्वतंत्र कायदा झाला.

पडद्यावरच्या सभेनें भांडणें मिटतात असा कोणाचा समज असेल तर त्यानें हॅन्डफोर्थ गांवच्या कौन्सिलची १० डिसेंबर २०२० ची सभा पहावी. अध्यक्षाचा व सभा चालविणाऱ्या चिटणीस बाईंचा अधिकारावरून वाद होऊन बाईंनीं अध्यक्षासच पडद्याबाहेर काढलें. पुढें फेब्रुवारींत ती चित्रफीत लाखों लोकांनीं पाहिली. तिचा आणखी एक गुण झाला. इतर वेळीं ज्या सभेस पांच माणसें जात नाहींत ती एरवीं कशी चालते हें त्या एका चित्रफितीनें लोकांस कळलें.

दुसरा मुलुख अमेरिकेंतील कॅलिफोर्निया. तेथें १९५२ सालीं एका वृत्तपत्राच्या बातमीदारानें स्थानिक मंडळें गुपचूप सभा कशा घेतात यावर लेखमाला लिहिली. ती वाचून मोडेस्टो या शेतकी भागांतील प्रतिनिधि राल्फ ब्राऊन यांनीं विधेयक आणलें, व १९५३ सालीं ब्राऊन कायदा झाला. शहरांच्या कौन्सिलांप्रमाणेंच कालव्याचें पाणी वांटणारीं पाटबंधारे-मंडळेंहि त्या कायद्याखालीं येतात, म्हणून तो तिकडच्या शेतकऱ्याच्या रोजच्या परिचयाचा आहे. साधारण सभेची विषयपत्रिका ७२ तास आधीं लागली पाहिजे. विशेष सभेची २४ तास आधीं. आणीबाणी असेल तर वर्तमानपत्रांस एक तास आधीं फोन केला तरी चालतो. आणि संकट अगदीं दारांत असेल तर मंडळाच्या सभासदांस बोलावतांना त्याच वेळीं त्यांस कळविलें तरी पुरतें. परंतु अशी सभा झाल्यावर तिचें इतिवृत्त, कोणाकोणास कळविलें किंवा कळविण्याचा प्रयत्न केला त्यांची यादी, कोणीं कसें मत दिलें त्याची नोंद, आणि काय कृति केली तें, हें सर्व सार्वजनिक जागीं निदान दहा दिवस लावून ठेवावें लागतें. सूचना आखूड झाली म्हणून नोंद लांबविली आहे. या एका कलमासाठीं मी तो कायदा आदरानें वाचतों.

कोरोनांत तेथील गव्हर्नरनें १७ मार्च २०२० रोजीं आज्ञा काढून एका जागीं जमण्याची अट स्थगित केली. ती आज्ञा सप्टेंबर २०२१ अखेर संपावयाची होती, तेव्हां त्याच महिन्यांत विधिमंडळानें निराळा कायदा करून सवलत चालू ठेविली. पण अटी घातल्या. मंडळास घरून सभा चालू ठेवावयाची असेल तर आपत्ति अजून आहे व जमणें धोक्याचें आहे असा ठराव त्या कायद्याप्रमाणें दर तीस दिवसांनीं पुन्हां करावा लागे. सभा चालू असतां लोकांचा दूरचा संपर्क तुटला तर तो पुन्हां जुळेपर्यंत विषयपत्रिकेवरील पुढील कोणताहि निर्णय घेतां येत नाहीं. लोकांनीं आपलें म्हणणें आधींच लिहून पाठवावें अशी सक्ति करतां येत नाहीं. सभा चालू असतांच त्यांस बोलतां आलें पाहिजे. २८ फेब्रुवारी २०२३ रोजीं तेथील आपत्कालाची घोषणाच मागें घेण्यांत आली, परंतु ती कायद्यांतील सोय २०२३ अखेर न संपतां पुढेंहि चालू ठेवण्यांत आली.

आपल्याकडे "पुढील आदेश होईपर्यंत" हे शब्द दप्तरांत फार सोयीचे मानले जातात. ते घातले म्हणजे आज्ञा काढणारास पुन्हां त्या कागदाकडे पहावें लागत नाहीं. इंग्लंडनें तारीख घातली, कॅलिफोर्नियानें तीस दिवसांची कालमर्यादा घातली. दोहोंचा परिणाम एकच कीं, बंदी चालू ठेवावयाची असेल तर कोणीतरी पुन्हां सही केली पाहिजे, आणि सही करतांना कारण सांगितलें पाहिजे. ग्रामसभेस स्थगिति देण्याचा प्रसंग पुन्हां आलाच, तर ती जिल्ह्यावार आणि तीस दिवसांपुरती असावी, असें मला वाटतें. सर्व राज्यांत रोगाचा जोर एके वेळीं सारखा नसतो. पूर तर एका नदीच्या कांठचाच असतो. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं गांवें पाण्याखालीं होतीं तेव्हां मराठवाडा पावसाची वाट पहात होता.

पडद्यावरची सभा मात्र आपल्या गांवांस फारशी उपयोगी नाहीं असें माझें मत आहे. २०२० च्या पावसाळ्यांत नगरपालिकांच्या सभा त्या पद्धतीनें घेण्यांत आल्या, आणि शहरांत तें एक वेळ निभतें. गांवीं तसला फोन असतो मुलाच्या खिशांत, आणि सातबारा असतो बापाच्या नांवावर. डोंगरी वाड्यांस तारयंत्राचा पल्ला पोंचत नाहीं. शिवाय पडद्यावर बोलण्याची पाळी कोणास द्यावी व कोणाचा आवाज बंद ठेवावा हें ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं सारी सभा जाते. त्यापेक्षां जागा मोठी करावी. आपल्याजवळ खळीं आहेत, शाळेचीं पटांगणें आहेत, बाजारतळ आहे. वाडीवार एकेक तासानें माणसें बोलवावीं, तोच विषय प्रत्येक वाडीस वाचून दाखवावा, व शेवटीं हात मोजून बेरीज करावी. अशी सभा आज नियमांत बसविण्यास नियमच थोडा रुंद करावा लागेल. पण त्यास खर्च नाहीं. देवळावरचा कर्णा सांथींतहि चालू होता. त्यावरून जमाखर्च वाचण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नव्हतें. प्रश्न लिहून पेटींत टाकावे, आणि प्रत्येक प्रश्नाचें उत्तर वहींत लिहून फळ्यावर लावावें, हीहि रीत कांहीं काळ चालण्यासारखी आहे. लिहितां न येणाऱ्यांसाठीं शिक्षकानें एक तास पेटीजवळ बसावें.

सूचनेसंबंधीं एक इशारा देणें जरूर आहे. अलीकडे फोनवरील गांवगटांत निरोप टाकला कीं सूचना झाली असें पुष्कळ ठिकाणीं समजतात. तो निरोप चांगलाच आहे, परंतु तो फळ्यावरील कागदाची व दवंडीची जागा घेऊं शकत नाहीं. गटांत कोणास घ्यावें व कोणास वगळावें हें गट करणाराच्या मर्जीवर असतें. फळा सर्वांचा असतो, आणि दवंडी तर घरांतल्या म्हातारीसहि ऐकूं जाते.

पुढची आपत्ति येण्याची वाट न पाहतां गांवकऱ्यांनीं आजच करून ठेवण्यासारखीं कांहीं कामें आहेत. एका साध्या ग्रामसभेंत ठराव करून घ्यावा कीं, आपत्तींत पंचायतीनें तातडीनें केलेला प्रत्येक खर्च, त्याचें कारण, दर, आणि निर्णयाच्या वेळीं हजर असलेल्यांचीं नांवें सात दिवसांत फळ्यावर लागतील, दहा दिवस राहतील, आणि पुढल्या पहिल्या ग्रामसभेंत पहिला विषय म्हणून वाचलीं जातील. असा ठराव कोणत्याहि कायद्याच्या आड येत नाहीं. सभा रखडली तर सरपंचाकडे लेखी मागणी करावी व पोंच घ्यावी. जिल्हा परिषदेची स्थायी समिति, पंचायत समिति किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी यांनीं मागणी केली तर सरपंचास सभा बोलवावीच लागते, म्हणून त्याच अर्जाची एक प्रत पंचायत समितीकडे द्यावी. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं इतिवृत्ताची नक्कल मागतां येते, आणि वही कचेरींत बसून पाहतांहि येते.

वही पाहतांना काय पहावें हें सांगून हा लेख पुरा करतों. पानांस छापील किंवा आधीं घातलेले अनुक्रमांक आहेत ना, आणि मधलें एखादें पान गळलेलें नाहीं ना, हें प्रथम पहावें. सूचनेची तारीख व सभेची तारीख यांमधील दिवस बोटांवर मोजावे. हजर माणसांच्या सह्या व अंगठे ठरावांच्या आधीं आहेत कीं निराळ्या कागदावर घेऊन मागाहून जोडले आहेत, तें पहावें. तहकूब सभा असेल तर मूळ सभेच्या विषयपत्रिकेंत नसलेला विषय तींत घुसला आहे काय, तें ताडून पहावें. ठरावांत रक्कम आंकड्यांत व अक्षरांत दोन्ही रीतींनीं लिहिलेली असावी. सूचक व अनुमोदक यांचीं पूर्ण नांवें असावींत. आणि शेवटच्या ठरावाखालीं, अध्यक्षाच्या सहीच्या वर, कोरी जागा राहिली असेल तर तींत तिरकी रेघ मारून घ्यावी.